तिच्यामागचा नंबर

"हे सहा आहे की नऊ?"

खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली, आणि मग खिशातून एक फासा काढून तिच्या नाकासमोर धरला. साधा नाही, वीस बाजूंचा. प्रत्येक बाजूवर मुंगीएवढा आकडा.

"नऊ," ती म्हणाली. "खाली टिंब दिसतंय ना!"

"घोटाळा झाला मग," तो गंभीरपणे म्हणाला. "मी सहा समजलो. त्यामुळे गेल्या रविवारी आमचे भावोजी मेले."

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईने असं हसायचं नसतं, पण ती इतकी हसली की मालकांनी मान वर करून पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प राहायची सवय. चष्मा न्यायला आला तेव्हा बराच वेळ घुटमळला. "रविवारी दुपारी ताईकडे खेळतो आम्ही. एक चोर कमी पडतोय. तुम्ही... याल?"

ती गेली. आणि मग दर रविवारी जात राहिली.

खेळ म्हणजे मोठ्या माणसांची भातुकलीच. ताई गोष्ट सांगायची—अंधारी गुहा, आत राक्षस—आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. भावोजी मांत्रिक, तो ढाल घेतलेला शिपाई, आणि ती चोरटी. लढाई सुरू झाली की प्रत्येकाने फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याचा नंबर आधी. आपल्या नंबराला काय करणार ते बोलायचं आणि सोंगटी सरकवायची. बोललं ते झालं, परत घेणं नाही. हवं तर आपला नंबर सोडून मागे सरकता यायचं, पण मग ती लढाई संपेपर्यंत मागेच राहायचं.

त्याला फासा भारी यायचा. कधी अठरा, कधी एकोणीस. आणि दर वेळी हा बाबा म्हणायचा, "मी थांबतो. चोरटीनंतर खेळेन."

"अरे, तोवर राक्षस मला भाजून खाईल!" भावोजी कपाळाला हात लावायचे.

"घाबरतोस होय रे?" ती डिवचायची.

तो नव्या चष्म्याआडून नुसता बघायचा आणि हसायचा. ते हसणं तिला आवडायचं. खरं सांगायचं तर, रविवारची वाट ती त्या हसण्यासाठीच बघायची. परतताना पाऊस असला की तो छत्री तिच्याकडे कलती धरायचा आणि स्वतःचा खांदा भिजवून घ्यायचा. बसस्टॉप आला की दोघांचीही बोलती बंद.

"मग..." तो म्हणायचा.

"मग काय?"

"काही नाही. तू बोल."

"मी काय बोलू?"

तेवढ्यात मेली बस यायची.

बोलायचं तर त्यानेच आधी, हा तिचा हट्ट. शेवटी वाट बघून बघून तिचं डोकं फिरलं आणि दूरच्या शहरातल्या एका मोठ्या नेत्रालयातली नोकरी तिने पत्करली. सगळ्यांसमोर टेबलावर सांगितलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघत. "अभिनंदन," तो म्हणाला. बस्स, एवढंच! तिला तो वीस बाजूंचा फासा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

जाण्याआधीच्या रविवारी, लढाई ऐन रंगात असताना ताईने चहासाठी खेळ थांबवला. स्वयंपाकघरात कप विसळता विसळता ती फणकाऱ्याने म्हणाली, "मी गेल्यावर तरी त्याला आधी खेळायला लाव. इतका भित्रा शिपाई मी पाहिला नाही."

ताईने नळ बंद केला. "भित्रा? अगं, ढालवाला शेजारी उभा असला की आपल्यावरचा वार तो झेलतो. माहीत आहे ना?"

"आहे की."

"आणि तू कधी कुठं धावशील याचा नेम नाही. तुझ्या आधी खेळला, तर तू पुढे निघून जाणार आणि हा मागे. तुझ्यानंतर खेळला, तरच तू जाशील तिथं येऊन उभं राहता येतं. आजवर एक तरी वार लागलाय तुला?"

नव्हता लागला. ती त्याला आपलीच चलाखी समजत होती.

कप तसेच टाकून ती गॅलरीत गेली. तो कठड्याला टेकून चहा निववत होता.

"मला तू आवडतोस," ती एका दमात म्हणाली. "फार. तू बोलशील म्हणून थांबले होते मी."

त्याचा चेहरा उजळला... आणि बघता बघता उतरला.

"मीही तू बोलशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "मग तू जाते म्हणालीस. मला वाटलं, हेच तुझं उत्तर. आईने एक मुलगी बघितली होती, मी टाळत होतो. तू सांगितलंस आणि... मी होकार कळवला."

"कशी आहे?" विचारायला नको होतं, पण तिने विचारलं.

"फिजिओथेरपिस्ट आहे. मनमोकळी आहे. काल फोनवर म्हणत होती, मलाही शिकव तो खेळ."

रिमझिम सुरू झाली होती. तो जवळ सरकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू म्हणालीस तर मोडतो. आत्ता. तू फक्त म्हण."

"मी का म्हणू?" तिला राग आला, रडूही आलं. "एकदा तरी तू आधी बोल ना रे! मोडतो म्हण, नाही मोडत म्हण, काहीही म्हण!"

तो तिच्याकडे बघत राहिला, ती आता कुठं जाते ते पाहत.

"या रे, राक्षस ताटकळलाय!" आतून भावोजींची हाक आली.

कुठल्याशा घरात एक मुलगी नवा खेळ शिकायच्या खुशीत होती. तिने कुणाचं काय बिघडवलं होतं?

"नको मोडूस," ती म्हणाली.

तो थांबला. खूप वेळ थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने मान डोलावली.

"बरं."

आजवर त्याने तिचं सगळंच ऐकलं होतं. हे एवढं एक ऐकायला नको होतं.