मडकीभर मीठ

ज्या भूमीने एका पिढीचे पोषण केले, तिच्यावर पुढच्या पिढीने नवे काही उभारावे, यात अधर्म नाही. मात्र आरंभी तिची अनुज्ञा घ्यावी, आणि ज्यांचा घाम तिच्यात जिरला त्यांचे विस्मरण होऊ देऊ नये.

सेतोच्या समुद्राकाठी, चाळीस वर्षे ओसाड पडलेल्या मिठागरावर सौरप्रकल्पाचे भूमिपूजन होते. चार हिरवे वेळू, भोवती गवती दोरी, चौरंगावर तांदूळ, साके हे तांदळाचे मद्य आणि ताजा मासा. पुजाऱ्याने हात पुढे केला... आणि तरुण अभियंता हिराओका पांढराफटक पडला. मीठ आणायचे राहिले होते!

"शंभर वर्षं मीठ पिकलं, तिथे मीठच विसरलात?"

कुंपणापाशी नात्सुए हसत होती. भरतीचे पाणी अडवणाऱ्या उघाडीची राखण करीत ती वृद्ध पित्यासह तेथेच राहत असे. धावत जाऊन तिने एक मडकी आणली. या मिठागराचे ते शेवटचे मीठ, पित्याने जपलेले.

"मडकी परत करा हं, हिराओका-सान. रिकामी नाही!"

पुढे तो रोज एक प्रश्न घेऊन येऊ लागला. जुने पाट कुठून जात? खारा वारा लोखंड किती वर्षांत खातो?

"आणि तुमच्या काचा काय करतात?" एकदा तिने विचारले.

"उन्हाचं पीक घेतात."

"मग नवं काय? आम्हीही तेच घ्यायचो की!"

तो बघतच राहिला. तिने नजर वळवली... पण जरा उशिराच.

दोन वर्षांनी काचांच्या रांगा क्षितिजापर्यंत पोहोचल्या, आणि हिराओकाच्या बदलीचा आदेश आला. नात्सुएला तेथून हलणे शक्य नव्हते. उघाडी आणि पिता, दोन्ही तिच्या भरवशावर होती.

निघण्याच्या आदल्या सकाळी तो मडकी घेऊन आला. आत मीठ होते.

"विकतचं?"

"छे! समुद्राचं पाणी आणून स्वतः उकळलंय."

तिच्या पित्याने चिमूटभर जिभेवर ठेवले आणि तोंड वाकडे केले. "कडू! अरे, ओलं मीठ टोपलीत टांगून त्यातलं कडू पाणी गळू द्यायचं असतं. एवढी घाई कशाची?"

"उद्या जायचंय म्हणून..." हिराओका थांबला. "आजोबा, नीट शिकायला किती दिवस लागतील?"

"मला वीस वर्षं लागली."

हिराओकाने नात्सुएकडे पाहिले. "इथल्या देखभालीची जागा अजून रिकामी आहे. आज अर्ज केला तर... तू शिकवशील?"

तिने मडकी त्याच्या हातून घेतली. "आधी अर्ज करून या. तोवर टोपली धुऊन ठेवते."

म्हाताऱ्याने पुन्हा एक चिमूट जिभेवर ठेवली.

त्या तिघांवर ऊन असेच सौम्य पडो, आणि त्यांच्या अन्नात मीठ कधी उणे न होवो.