विमानतळावरून निघालेला भाऊ

मदतनीस अबू मुन्झिरने कॉफीचा कप ओठाला न लावता समोर ठेवला, तेव्हाच झुहैर हसला.

"पी, बाबा. दिली शनिवारची सुट्टी."

अम्मानमध्ये मागणं घेऊन आलेला माणूस असाच बसतो. यजमान 'पी, झालं काम' म्हणेपर्यंत कॉफीला हात नाही. अबू मुन्झिर घोट घेतोय, तोच हज्जा हियाम धापा टाकत झुहैरच्या शोधकचेरीत आल्या.

"माझा भाऊ हरवला! शफीक. एकतीस वर्षांनी चिलीहून आला, विमानतळावर उतरला, आणि माझ्यापर्यंत पोचलाच नाही."

"तुम्ही आणायला नव्हता गेलात?" झुहैरने विचारलं.

"मी? आईच्या मातीला आला नाही तो! माझा उंबरठा ओलांडलास तर बघ, असं पत्र लिहिलं होतं मी. पण मंगळवारी येतोय असं कळवलं त्यानं, तर पहाटेपासून द्राक्षाच्या पानांत भात भरत बसले."

"'ये' म्हणून कळवलंत?"

"ते काय कळवायचं? त्याचं त्याला कळायला नको?"

मंगळवारी भावाऐवजी आला टॅक्सीवाला उबैदा, भावाची बॅग घेऊन. सवारी जुन्या बाजारात मशिदीपाशी उतरली, बॅग विसरली, म्हणाला.

"बॅगेवर पत्ता होता?"

"नुसतं नाव. मी बॅग पोटाशी धरून रडतेय, आणि हा मेला ऑगस्टच्या उकाड्यात इस्त्रीचा कोट घालून अर्धा तास समोर बसलेला! कॉफी दिली, ती तशीच टाकून गेला. माझी कॉफी काय कडू असते? खाली गाडीत मागच्या सीटवर एक टोपीवाला मुकाट बसला होता. पुढची सवारी असेल बिचारी."

"गळा दाबला असणार त्यानं शफीकचा," अबू मुन्झिर कुजबुजला. हज्जांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन इंच बुटका झाला.

दोन दिवस चौकशी चालली. मशिदीजवळच्या हॉटेलवाल्याकडे चिलीचा कुणी उतरला नव्हता. विमानतळाच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "एवढ्या म्हाताऱ्याला मीच हात धरून चढवलं असतं. नाही चढला." गुरुवारी दुपारी हज्जांना घेऊन दोघांनी विमानतळाच्या टॅक्सी रांगेत उबैदाला गाठलं.

"बाजारात उतरवलं म्हणजे उतरवलं," उबैदा म्हणाला, पण हज्जांकडे बघेना.

"मग बॅगेवर नसलेला पत्ता तुला कुणी सांगितला?" झुहैर म्हणाला. "विसरलेली बॅग द्यायला कुणी कोट चढवत नाही. कोट चढवतात सोयरीक मागायला, नाहीतर दिलजमाई करायला. आणि अर्धा तास खोळंबलेली सवारी एकदाही भोंगा वाजवत नाही? ह्या शहरात?"

तो हज्जांकडे वळला. "तुमची कॉफी कडू नव्हती, हज्जा. उबैदा मागणं घेऊन आला होता. तुम्ही 'पी' कधी म्हणता, याची वाट बघत होता तो. तुम्हाला वाटलं, हा नुसता टॅक्सीवाला. टोपीवाली सवारी म्हणजे शफीक. तो पोचला होता. तुमच्या जिन्याखाली."

"कुठंय तो?" हज्जांनी उबैदाला विचारलं.

उबैदाने मान खाली घातली. "शब्द दिला होता त्यांना, तुम्ही 'पी' म्हणेपर्यंत ते खाली आहेत हे सांगणार नाही म्हणून. बॅग तुमच्यासाठीच होती. तुम्ही बोलला नाहीत, त्यांनी नकार समजला. दोन रात्री माझ्याच घरी काढल्या. चारचं विमान आहे. आत्ताच आत सोडलं."

तिकिटाशिवाय पोलीस आत सोडेना. हज्जांनी काचेला तोंड लावलं, आणि अशी आरोळी ठोकली की धावपट्टीवरची विमानं दचकली असावीत.

"शफीऽऽक! आईनं हेच शिकवलं का, बहिणीच्या जिन्याखालून परत जायला?"

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

तो गाडीपाशी आला आणि पुरुषांच्या तिथल्या रीतीप्रमाणे उबैदाशेजारी पुढे बसू लागला. हज्जांनी बाही धरून त्याला मागे ओढलं. अबू मुन्झिर दाराशी चेपला गेला. शफीक काही बोलू बघायचा. हज्जा त्याचा हात दाबायच्या, म्हणजे त्याला बोलता येईना.

गाडी सुटली, तशा हज्जा म्हणाल्या, "उबैदा, हळू रे लेकरा."

उबैदाने इतकी हळू घेतली, की त्या रस्त्यावर त्यांना एका उंटाने मागे टाकलं. उंट बसलेला होता, असं अबू मुन्झिर शपथेवर सांगतो.