हातवळण

प्रवासी विमानं माणसाशिवाय उडू लागली आणि वैमानिक ही जमात बघता बघता नाहीशी झाली. उडण्याची हौस मात्र गेली नाही, ती घरात शिरली. नाशकात गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीत गेलं, तर एखाद्या तरी बंदिस्त बाल्कनीत कॉकपिट मांडलेलं दिसायचं: वाकवलेला मोठा पडदा, बटणांची पाटी, खुर्ची आणि समोर सुकाणू.

अच्युत घाटेचं कॉकपिट त्यांच्या सोसायटीत सगळ्यांत देखणं होतं. अच्युत पुलांची डिझाइनं करायचा. पन्नाशी ओलांडली होती, हात जड होता, पण चिकाटी दांडगी. एकेक ॲड-ऑन जमवत त्याने ते यंत्र उभं केलं होतं. आधी पायाखालची पेडल्स. मग खऱ्या हवामानाची जोड: लेहला या क्षणी जो वारा वाहत असेल तोच पडद्यावर वाहायचा. मग डोंगरांची घळन् घळ दाखवणारा भूप्रदेश. मग वाऱ्यात थरथरणारं, मनगटाला ओझं देणारं सुकाणू. एवढं करूनही लेहच्या धावपट्टीवर त्याचं विमान आदळायचंच. तिथली हवा विरळ, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि चूक सुधारायला वाव नाही.

एका रविवारी दुपारी चाकं अशीच आपटली. मागे दारात कालिंदी, त्याची बायको, वाळलेले कपडे घेऊन उभी होती.

"इतकं ओढू नकोस," ती म्हणाली. "शेवटी विमान उतरवायचं नसतं, उतरू द्यायचं असतं."

"कोण म्हणालं असं?"

ती घुटमळली. "कोणी नाही," म्हणाली आणि आत गेली.

कोणी नाही म्हणजे कॅप्टन रणजित मोहिते. कालिंदीचा पहिला नवरा. बरीच वर्षं तो लेहला मालवाहू विमान न्यायचा, आणि एका सकाळी घरीच, चहा पिता पिता, हृदय बंद पडून गेला. त्यानंतर काही वर्षांनी कालिंदीने अच्युतशी लग्न केलं. तिने भिंतीवर रणजितचा फोटो लावला नाही, कधी तुलना केली नाही, त्याचं नावही काढलं नाही. अच्युतला खुपायचं ते हेच. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं. मेलेला घोरत नाही, त्याला टक्कल पडत नाही, तो मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवत नाही. त्याच्याशी बरोबरी कशी करायची?

त्याच सुमारास बाजारात नवं ॲड-ऑन आलं, 'हातवळण' नावाचं. कोपरापर्यंत चढवायची एक लवचिक बाही. ती बसवून घ्यायला अच्युत डॉ. शलाका ओढेकरांच्या प्रयोगशाळेत गेला. बाही त्यांनीच घडवली होती.

"प्रत्येक माणसाचं अक्षर जसं वेगळं, तसा प्रत्येक वैमानिकाचा हात वेगळा," त्या बाही ताणून दाखवत म्हणाल्या. "जोर कुठे सुरू होतो, मध्ये किती थबकतो, कसा सुटतो. जुन्या विमानांमध्ये सुकाणूची प्रत्येक हालचाल नोंदली जायची. त्या नोंदींतून आम्ही हा साचा काढतो आणि विजेच्या बारीक स्पंदनांनी तुमच्या स्नायूंना शिकवतो. काही आठवड्यांनी बाहीची गरजच उरत नाही."

"म्हणजे मेंदूत काही घालता?"

"आम्ही नाही घालत. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. सायकल, पोहणं, पोळी लाटणं, सगळं तिथे मुरतं. तो आपला आपण शिकतो."

मग त्यांनी पडद्यावर वैमानिकांची नावं दाखवली. विमान कंपन्यांनी जुन्या नोंदी केव्हाच विकून टाकल्या होत्या. म-च्या ओळीत अच्युतला ते नाव दिसलं. छातीत काहीतरी लख्ख पेटलं. ज्याच्या विद्येचा घरात एवढा दबदबा, ती विद्या आपण काढून घ्यायची आणि त्याच्यापेक्षा अलगद विमान उतरवायचं.

"हा द्या," तो म्हणाला. कालिंदीला त्याने काही सांगितलं नाही.

बाही चढवली की हातात दुसरं कोणी असल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा त्याला शिसारी आली. मग सवय झाली. आणि एक दिवस, बाही न घालता, त्याने लेहला विमान नेलं. शेवटच्या क्षणी हाताने सुकाणू किंचित मागे घेतलं, हात जरा थबकला, आणि सुकाणू सोडून दिलं. चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. अच्युत एकटाच मोठ्याने हसला. जिंकलो, असं त्याला वाटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कालिंदी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. केसांची बट डोळ्यांवर आली, हात पिठाचे. "जरा बाजूला कर रे," ती म्हणाली. अच्युतने बट कानामागे सारली. बोटं तिच्या कानाशी जराशी थबकली आणि अलगद सुटली.

कालिंदीचे हात कणकेत तसेच राहिले. मग तिने डोळे मिटले आणि गाल त्याच्या तळव्यावर टेकवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

त्या दिवसापासून कालिंदी बदलली. गुणगुणायला लागली. सोफ्यावर शेजारी येऊन बसायची, त्याचा हात आपल्या मांडीवर घ्यायची. डोक्याला तेल लावून दे म्हणायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या वयात यांचा संसार पुन्हा बहरला. अच्युतच्या मात्र जिवाची तगमग होत होती. ती सुखावायची तेव्हा त्याच्याकडे पाहायची नाही, हाताकडे पाहायची. आपल्याच मनगटाच्या टोकाला सवत बसावी तसं त्याचं झालं. तेल लावताना तो स्वतःच्या बोटांवर डोळे वटारायचा.

शेवटी तो डॉ. ओढेकरांकडे गेला. "काढून टाका."

"काढण्यासारखं काही नाही, अच्युतराव. वापरलं नाही तर विरत जाईल."

"कॉकपिटला तर मी हातच लावत नाही."

"कॉकपिटचा प्रश्न नाही. लहान मेंदूला सुकाणू आणि चमचा यांतला फरक कळत नाही. त्या वळणाने जे जे कराल तो सरावच."

"आणि माझा जुना हात?"

त्यांना ओशाळल्यासारखं झालं. "त्याची नोंद घ्यावी असं कोणाच्या मनातच आलं नाही. कोणी मागितलीही नव्हती."

अच्युतने कालिंदीला हात लावणं सोडून दिलं. ती जवळ आली की तो हात खिशात घालायचा. एका संध्याकाळी तिने त्याला गॅलरीत गाठलं.

"का छळतोयस?"

"तुला माहीत नाही हा हात कोणाचा आहे."

"पहिल्याच दिवशी ओळखला," कालिंदी म्हणाली. "कणीक मळताना."

"आणि गप्प बसलीस?"

"काय बोलणार होते? मी त्याला बोलावलं नव्हतं, अच्युत. मी त्याला नीट निरोप दिला होता. तू त्याला घरात आणलंस."

"तो विरतोय," तो म्हणाला. "थोडे महिने कळ काढ. मग मी पहिल्यासारखा होईन."

तिने मान डोलावली. दोघांनाही हायसं वाटायला हवं होतं.

पावसाळा सरला तसा हात खरोखर विरत गेला. चमचा पुन्हा बशीवर आपटू लागला. दिवाळीच्या आधी कालिंदीने तेलाची वाटी पुढे केली, अच्युतने बोटं तिच्या केसांत घातली, आणि त्याला कळलं की ती वाट पाहतेय. बोटं थबकली नाहीत. "छान वाटलं," एवढंच म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा बाल्कनीतला पडदा उजळलेला होता. खुर्ची पुसलेली होती. कालिंदी शेजारी उभी होती आणि तिच्या हातात बाही होती, नीट उघडून धरलेली, लहान मुलाला झबलं घालताना धरतात तशी. ती त्याच्या डोळ्यांत पाहत होती, आज पहिल्यांदाच, आणि तिच्या नजरेत एवढी लाज आणि एवढी विनवणी होती की अच्युतला ती पाहवेना.

"थोडाच वेळ," ती म्हणाली.

त्याला रणजितचा पूर्वी आला नव्हता एवढा राग आला. मग त्याने शर्टाची बाही वर सारली आणि हात पुढे केला.