पाहुणी येईपर्यंत

वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा दारात उभा राहिला तेव्हा माझ्या एका हातात बाटलीने दूध पिणारं मांजराचं पिल्लू होतं आणि दुसऱ्या हातात फिनेलचं फडकं. घरात नऊ कुत्री, अकरा मांजरं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला आणून आठवड्यात नकोसा झालेला एक ससा. सगळ्यांची अंथरुणं रोज धुवावी लागतात, आणि मशीन दोन दिवस बंद. त्याने खालची जाळी उघडली, आतून ओंजळभर केस काढले आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “यातून अजून एक कुत्रा तयार होईल. ठेवून घेताय?”

मला हसू आलं... आणि हसू आलं म्हणून रागही आला. टाकून दिलेले, मार खाल्लेले जीव सांभाळणाऱ्या बाईने असं पहिल्याच विनोदाला विरघळायचं नसतं. पण त्याचे डोळे छान होते, त्याला मी काय करणार.

घरात माझा एकच कडक नियम. बाहेरच्या दाराच्या आत जाळीचं आणखी एक दार आहे. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आईसुद्धा यातून सुटत नाही. तो मशीन ढकलगाडीवर चढवून दुकानात न्यायला निघाला, आणि त्याला सोपं जावं म्हणून मीच दोन्ही दारं धरली – एक पाठीने, एक कोपराने. तो घाम पुसत “थँक्यू” म्हणाला, मी बघत राहिले, आणि माझ्या पायांमधून पाहुणी सुसाट बाहेर गेली.

पाहुणी ही आमची सगळ्यात घाबरट कुत्री. आठ महिने परक्या घरी आल्यासारखी कॉटखालीच राहिली, म्हणून हे नाव. मागच्याच आठवड्यात तिने पहिल्यांदा माझ्या हातून खाल्लं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि रडत रडत मनात येईल ते मी बोलत सुटले. “तुमच्यामुळे गेली ती,” असंही म्हणाले. त्याने मान खाली घातली आणि एक शब्द उलट बोलला नाही.

चार दिवसांनी तिचा पत्ता लागला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर सिमेंटच्या मोठ्या पाइपांचा ढीग होता, त्यात ती लपली होती. अशा कुत्र्याच्या मागे धावायचं नसतं. हाक मारायची नाही, डोळ्यांत बघायचं नाही. रोज ठरल्या वेळी जायचं, ताटली ठेवायची, तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि ती आपणहून येईपर्यंत वळायचं नाही. मी सकाळी सहाला पोहोचले तर हा मशीनवाला आधीच बसलेला, पाइपांकडे टक लावून. मशीनचं सांगायला त्याने फोन केला तेव्हा आईने त्याला सगळं सांगितलं होतं. मी त्याला खांद्याला धरून प्लॉटच्या कुंपणभिंतीकडे फिरवलं आणि शेजारी बसले.

मग ते रोजचंच झालं. भिंतीकडे तोंड करून, खालच्या आवाजात गप्पा. त्याचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचे ते ग्रीस लागलेले हात, थर्मासमधला चहा पुढे करणारे... त्याने विचारलं, हे सगळं किती वर्षं करणार. मी म्हटलं, हात चालतात तोवर. मागच्या वर्षी मला बघायला आलेला मुलगा म्हणाला होता, लग्नानंतर एकच प्राणी ठेव.

“मग?”

“मग मी म्हटलं, एकच ठेवायचा तर बोका परवडला.”

त्याचा खांदा हसण्याने कितीतरी वेळ हलत राहिला. मला तो खांदा फार आवडला.

सातव्या दिवशी पाऊस भुरभुरायला लागला. त्याच्याकडे एकच छत्री. मला वाटलं, आता ती आपल्या डोक्यावर येणार. त्याने हात मागे नेऊन ती ताटलीवर उघडी ठेवली, पाव भिजू नये म्हणून, आणि आम्ही दोघं निमूट भिजत बसलो. त्या क्षणी मी प्रेमात पडले. उगाच आडवळणाने कशाला सांगू?

रविवारी त्या प्लॉटच्या कंत्राटदाराने कळवलं, उद्या आठला क्रेन येऊन पाइप उचलणार. मी त्याच्याशी तासभर भांडले, पण तो हटला नाही. क्रेनच्या आवाजाने पाहुणी एकदा पळाली की ती कायमचीच. आईने समजूत घातली, घरातल्या बाकीच्या वीस जणांकडे बघ. मी तिला सांगितलं की उद्या आठ वाजेपर्यंत मी हार मानणार नाही.

सोमवारी आम्ही पाचलाच जाऊन बसलो. साडेसात झाले. मागे काहीच हालचाल नव्हती, आणि मला आता गप्प राहवेना.

“दोन्ही दारं मीच धरली होती,” मी भिंतीला म्हटलं. “चूक माझी. मी... तुमच्याकडे बघत होते, म्हणून झाली.”

तो हलकेच म्हणाला, “दारं कुणी धरली ते मला दिसलं होतं. कशामुळे, ते माहीत नव्हतं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही रडत होतात. आणि नंतर... इथे यायला मला कारण हवं होतं –”

मागे ताटली खडखडली. पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मग पाहुणीने आपलं सगळं अंग माझ्या पाठीवर टेकलं. रस्त्यावर क्रेनची घरघर ऐकू येत होती, मी घाईघाईने पट्टा चाचपायला लागले. “सावकाश,” तो म्हणाला, “मी आहे.” मी न वळता पट्टा तिच्या गळ्यात सरकवला, कडी लागली, आणि माझ्या जिवात जीव आला. मी लहान मुलीसारखी रडले.

“आता वळलं तर चालेल?” त्याने विचारलं.

“आधी ऐक. माझ्या घरातला एकही जीव कुणासाठी कमी होणार नाही. सुट्टी नाही, फिरायला जाणं नाही, ताटातसुद्धा केस. आयुष्यभर.”

“पहाटे पाचला उठायची सवय लागलीय मला,” तो म्हणाला. “आता ती मोडायची नाही.”

तो वळला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल, आणि मला इतका देखणा माणूस आजवर दिसला नव्हता. पाहुणी आमच्या मधे अंग चोरून बसली होती. तिच्यावरून हात नेऊन मी त्याचा हात धरला.

“मग चल घरी,” मी म्हटलं, “आठची औषधं द्यायची आहेत.”