मुलीसाठी नेलेली पुस्तकं

पस्तिशी ओलांडलेल्या बाईला वाचनालयाच्या बालविभागात उकिडवं बसलेलं कुणी पाहिलं तर तिला लाज वाटणारच. त्यातून अवंतिकाला त्या गुरुवारी पाहिलं ते चक्क एका अनोळखी पुरुषाने.

बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता, लाइट गेले होते आणि ती मोबाईलच्या उजेडात सगळ्यात खालच्या फळीवरचं ‘चौकस कुंदा आणि तळघरातला पाहुणा’ ओढून काढत होती. तेवढ्यात वरून आवाज आला.

“ते तळघराचं हाय का?”

अवंतिकाने दचकून वर पाहिलं. भिजलेला चेकचा शर्ट, कपाळावर चिकटलेले केस, काखेत घट्ट धरलेली कापडी पिशवी. माणूस तिच्याकडे नाही, पुस्तकाकडे बघत होता... आणि तेही अगदी आशाळभूतपणे!

“हो,” ती घाईघाईने उठत म्हणाली. “मुलीसाठी नेते.”

आता, अवंतिकाला मुलगी नव्हती. लग्नच झालं नव्हतं तर मुलगी कुठून येणार? विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर ती लोकांनी रंगवून सांगितलेले अपघात तपासायची, थाप लगेच ओळखायची. पण स्वतःच्या तोंडून निघालेली थाप काही तिला थांबवता आली नाही.

“असू दे, असू दे,” तो माणूस गडबडला. “मी पण... पुतणीसाठीच बघत हुतो. तुमची पोरगी वाचू दे आधी.”

काउंटरमागे दत्तोपंत बसले होते. त्यांनी अवंतिकाला परकर-पोलक्यात पाहिलेलं, तिच्या वडिलांशी बुद्धिबळ खेळलेलं, म्हणजे खरंखोटं त्यांना पुरतं ठाऊक. त्यांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुस्तकावर शिक्का मारला.

“मुलीला म्हणावं, पानं दुमडू नकोस,” एवढंच ते म्हणाले.

अवंतिकाचे कान लाल झाले. पण त्या माणसाला काही दिसलं नसावं, कारण अंधार होता आणि तो हसत होता. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त बारीक व्हायचा. हे तिने का टिपलं, ते तिचं तिलाच माहीत.

*

कुंदा म्हणजे कोण, हे सांगायला हवं. दोन वेण्या, एक सायकल, गळ्यात शिट्टी... अशी ही शाळकरी गुप्तहेर. शहाण्या पोलिसांना जे जमत नाही ते ही पोरगी शाळा सुटल्यावर करायची. अवंतिकाने लहानपणी या अख्ख्या मालिकेचा फडशा पाडला होता. मग शिक्षण, नोकरी, आईचं जाणं, वडिलांचं आजारपण यांत कुंदा मागे पडली.

मागच्या पावसाळ्यात वडील गेले. राजारामपुरीतला फ्लॅट एकदम मोठा झाला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कुलूप उघडायचं, लाइट लावायचा, टीव्ही लावायचा... आणि तो बंद केला की एवढी शांतता व्हायची की स्वतःचं पाऊल फरशीवर पडलेलंही ऐकू यावं. एका संध्याकाळी वडिलांच्या उशाशी राहिलेलं पुस्तक परत करायला ती वाचनालयात गेली आणि खालच्या फळीवर तिला कुंदा भेटली.

मोठेपणी वाचताना मात्र गंमत झाली. लहानपणी ज्या भुयारांनी अंगावर काटा यायचा त्यांचं आता हसू येत होतं. चोर तर तिसऱ्या पानावरच कळायचा. पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिखलाने माखलेली कुंदा घरी यायची, काकू दार उघडून ओरडायची, “आलीस का गं बाई!” आणि गरम पिठलं वाढायची. ती ओळ लहानपणी अवंतिका वाचायचीसुद्धा नाही. आता मात्र ती ओळ ती दोनदोनदा वाचायची. कुंदाचं खरं भाग्य शिट्टीत नव्हतं, दार उघडणाऱ्या माणसात होतं.

आणखी एक गोष्ट तिला सापडली. जुन्या वाचकांची एक सवय असते. पुस्तक वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करायची. अवंतिकाची खूण म्हणजे एकविसाव्या पानावर, कोपऱ्यात, पाच टोकांची चांदणी. ती अजून तिथेच होती. पण प्रत्येक चांदणीच्या खाली कुणीतरी आणखी एक खूण केली होती, छोटासा गोल आणि त्यात आडवी चीर. मिटलेल्या डोळ्यासारखं काहीतरी. तीही जुनीच होती, पोराटोराच्या हाताने काढलेली.

‘कोण असेल ही?’ अवंतिका स्वतःशी म्हणाली. आपल्या मागोमाग, त्याच पानावर... म्हणजे एक मैत्रीण होती म्हणायची आपल्याला, आणि आपल्याला पत्ताच नाही! तिने जुन्या चांदणीशेजारी नवी चांदणी काढली. वाचलं, पुन्हा एकदा.

*

त्या माणसाचं नाव कृष्णात. हुपरीचा. घरात चांदीचं काम, आणि दर गुरुवारी तयार पैंजण घेऊन तो एसटीने शहरात, गुजरीतल्या सराफी दुकानांत यायचा. काम उरकलं की वाचनालय. अवंतिकाही गुरुवारीच जाऊ लागली. गुरुवारी ऑफिसात काम कमी असतं, असं ती सांगायची. ऑफिसात गुरुवारीच सगळ्यात जास्त काम असायचं.

“काय म्हणाली तुमची पोरगी? आवडलं का तळघर?”

“ती म्हणते, चोर फारच बावळट आहे. तळघरात लपायचं आणि वर खोकायचं!”

“व्हय की!” कृष्णात मोठ्याने हसला, तसे दत्तोपंत खाकरले. मग हळू आवाजात, “माझी पुतणी म्हणती, ही कुंदा दिवसभर सायकल हाणती, हिला भूक कशी लागत न्हाय?”

“शेवटी पिठलं मिळतं ना.”

“शेवटी! तवर मरायचं का उपाशी?”

एखाद्या गुरुवारी पाऊस थांबेना, मग दोघं वाचनालयाच्या ओट्यावर चहा घेत उभी राहायची. तो पिशवी छातीशी धरायचा. ती ओढणी सावरायची. बोलायची मात्र ती दोघं नाहीत. बोलायची ती मुलगी आणि ती पुतणी.

“मुलगी म्हणते...” एकदा अवंतिका कपात बघत म्हणाली, “कुंदा कधी ‘घाबरले’ म्हणत नाही. एकटी अंधारात शिरते आणि कुणाला सांगत नाही की भीती वाटते. हे काही खरं नाही, म्हणते.”

कृष्णातने कप ओट्यावर ठेवला. “शानी हाय तुमची पोरगी.”

“संध्याकाळी करमत नाही तिला. घरात कुणी नसतं ना.”

“पुतणीचं बी तसंच हाय. घर माणसानं भरलेलं, पर...” तो बाहेरच्या पावसाकडे बघू लागला. “सगळ्यांची जोडी जमलीया. ही आपली कोपऱ्यात पुस्तक घिऊन.”

पुतणीची जोडी? अवंतिकाने चमकून पाहिलं. त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि एसटी पकडायला पावसातच पळाला.

खूप दिवसांनी तिला त्या संध्याकाळी टीव्ही लावावासा वाटला नाही. आवडला होता तो तिला. उघडच होतं. पण त्याच्या लेखी ती एका मुलीची आई होती, घरसंसाराची बाई होती. म्हणूनच तर तो इतका मोकळा बोलत असणार! खरं सांगितलं तर? कुणी नाही म्हणून लहान पोरांची पुस्तकं वाचणारी एकटी बाई... कीव करेल. ती कीव तिला नको होती.

त्यातच पुण्याहून भावाचा, वरदचा फोन आला. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालंय, दसऱ्याला व्यवहार पक्का करू, तू इकडेच ये. मुलांच्या खोलीत एक पलंग टाकू. एकटी काय करतेस तिथे? वरद प्रेमानेच म्हणत होता. आणि अवंतिकाला खरंच सांगता येत नव्हतं, ती तिथे काय करते ते.

पुढच्या गुरुवारी तिने ओट्यावर सांगून टाकलं, “आम्ही बहुतेक पुण्याला जाऊ. दसऱ्यानंतर.”

कृष्णातचं हसू थांबलं. “पोरगीला पटलंय?”

“ती... ती काही बोलत नाही.”

तो बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “जायच्या आधी तिला माझ्या हातचं एक पैंजण द्यायचं हाय. न्हाय म्हणू नका. तिच्यामुळं माझं गुरुवार बरं गेलं. एक करा, तिच्या पायाला दोरा गुंडाळा, घोट्यापाशी, आणि तेवढा तोडून आणा. आमच्यात असंच माप घेत्यात.”

*

दोरा घेऊन अवंतिका स्वयंपाकघरात बसली होती. दिवेलागण झाली होती. खालच्या फ्लॅटमधली लहान मुलगी जिन्यात उड्या मारत होती. तिला हाक मारावी, चॉकलेट द्यावं, माप घ्यावं. थाप शेवटपर्यंत निभावून न्यावी आणि गुपचूप पुण्याला जावं. सोपं होतं. अवंतिका उठून दारापर्यंत गेलीसुद्धा.

आणि दारातच थांबली. कुंदा कितीही अंधारात शिरली तरी खोटा पुरावा कधी ठेवत नाही, हे तिला आठवलं. तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. मग तिने खुर्चीवर पाय ठेवला, सलवार जरा वर केली आणि दोरा स्वतःच्या घोट्याला गुंडाळला.

गुरुवारी वाचनालयात पोचेपर्यंत तिने तो दोरा फेकून द्यायचं अनेकदा ठरवलं. पण कृष्णात फळीपाशी आधीच उभा होता. तिने काही न बोलता दोरा त्याच्या हातावर ठेवला.

त्याने तो सरळ केला. वितीने मोजला. पुन्हा मोजला. रोज पायांच्या मापांतच हात असलेला माणूस तो, त्याला दोनदा मोजायची गरज नव्हती.

“ह्ये लहान पोरीचं माप न्हाय,” तो हळूच म्हणाला.

“नाही.” अवंतिकाचा आवाज कापत होता, पण तिने तो थांबू दिला नाही. “मला मुलगी नाही. लग्नही नाही झालेलं. पुस्तकं मीच वाचते. संध्याकाळी करमत नाही ते मलाच. भीती वाटते तीही मलाच. खोटं बोलले मी... मीच आहे ती मुलगी.”

वाटलं होतं तसा तो कीव करून बघत नव्हता. त्याने खाली वाकून फळीवरचं तळघर काढलं, एकविसावं पान उघडलं आणि दोन चांदण्यांवर बोट ठेवलं.

“ही तुमचीच न्हवं?”

“तुम्हाला कसं...”

त्याने पिशवीतून एक पैंजण काढलं आणि पानावर ठेवलं. पैंजणाचं शेवटचं घुंगरू नेमकं त्या जुन्या खुणेशेजारी टेकलं. छोटासा गोल, त्यात आडवी चीर.

“घुंगरू!” अवंतिका जवळजवळ ओरडलीच. “मला वाटलं मिटलेला डोळा!”

“डोळा? आयला, एवढं वाईट काढलंय?” तो हसला, आणि तो एक डोळा बारीक झाला. “बापासंगं गुजरीत यायचो लहानपणी. बाप दुकानात बसायचा, मला इथं बसवायचा. पोरांची पुस्तकं सगळी बाहीर गेलेली असायची, मग पोरींची कुंदा. आणि दर येळी माझ्याआधी कुणीतरी चांदणी काढून ठिवलेली. म्हणलं, आपण बी तिच्याखाली काढायचं. कोण हाय ती, एवढं एकदा बघायचं हुतं बगा. आता परत वाचाय लागलो, तर शेजारी नवी चांदणी! तुमी पुस्तक परत दिल्या दिल्या.”

“मग विचारलं का नाही?”

“कसं इचारणार? तुमची पोरगी मधी आली की!”

काउंटरमागून दत्तोपंतांचं खोकणं ऐकू आलं. ते खोकणं नव्हतं, हसणं होतं.

“आणि पुतणी?” अवंतिकाने डोळे पुसत विचारलं.

“हाय की खरी. पर मोबाईल सोडून कायबी वाचत न्हाय. आन जोडी जमायची राहिलीया ती माझी. आजकाल चांदीकामवाल्याला कोण पोरगी देतंय? नोकरीवाला पायजे म्हणत्यात.” तो दोरा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. “दसऱ्यापतुर पैंजण हुतंय. पर तुमी जाणार पुण्याला. पोरगी काय म्हण...” त्याने जीभ चावली. मग सरळ तिच्याकडे पाहिलं. “तुमी काय म्हणता?”

किती दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. काय ठरलं, कधी येतेस, कागद तयार आहेत का, हे सगळे विचारत होते. तू काय म्हणतेस, हे कुणीच नाही.

तिने पर्समधून फोन काढला आणि तिथेच, बालविभागात उभ्या उभ्या, वरदला लावला. “वरद, फ्लॅट विकायचा नाही. मी इथेच राहते.” पलीकडून “का?” आलं. अवंतिकाने कृष्णातकडे पाहिलं, मग त्या पानावरच्या खुणांकडे. “मी म्हणते म्हणून,” ती म्हणाली. आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती हसायलाच लागली.

फोन ठेवला तेव्हा कृष्णात दोरा जपून शर्टाच्या खिशात ठेवत होता.

“घुंगरं किती लावू? शहरातल्या बायकांना कमी आवाजाचं लागतंय. एकच लावू का कडंला?”

“भरपूर लावा,” अवंतिका म्हणाली. “घरात फार शांत असतं.”

“मग लावतो भरपूर,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, खाली फळीकडे बघत, “पर आवाज ऐकायला कुणीतरी पायजे की.”

“पिठलं येतं मला,” अवंतिका म्हणाली. “रविवारी या. दार मी उघडेन.”