लांबून बघायचं चित्र

धाकट्या भावाची खोली मी कॉम्प्युटरवर पुन्हा उभी केली, ती आईच्या हट्टापायी. तो घरातून निघून गेला तो परत आलाच नाही. पुढे ते घरही विकलं. आई आता कुठे धड जेवायला, झोपायला लागली होती.

"भिंतीवर मोठं लावू," ती म्हणाली. पलंग, चादर, टेबल, खिडकी, सगळं आठवून आठवून बनवलं. माणूस एकही नाही.

स्क्रीनसाठी काढलेलं छोटं चित्र झकास आलं. पण तेच ताणून छापलं तर नुसते ठोकळे दिसतात. छापायचं तर इंचाला तीनशे ठिपके धरून नव्याने काढावं लागतं. दुपारभर कॉम्प्युटर घरघरत होता. चित्र तयार झाल्यावर सवयीने कानेकोपरे तपासले.

पलंगाखालच्या अंधारात चार बोटं होती.

काहीतरी डाग असेल म्हणून पुन्हा काढलं. बोटं जरा पुढे आलेली. पलंगाखाली मी काही बनवलंच नव्हतं. त्या बोटांची भीती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती आईची होती. हे पाहिलं तर ती पुन्हा दाराशी डोळे लावून बसेल.

पन्नास ठिपक्यांवर काढलं तेव्हा तिथे फक्त काळं दिसलं. तेच छापायला पाठवलं.

प्रिंटवाल्याचा फोन आला. "अहो, जवळून ठोकळे दिसतील."

"लांबूनच बघायचंय."

"मर्जी तुमची. कुठे छापलं ते मात्र सांगू नका कुणाला."

चित्र भिंतीवर लागलं. जवळ जाऊन खात्री केली. पलंगाखाली काळे ठोकळे. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

काही दिवसांनी चादरीची वीण दिसायला लागली. मग टेबलावरचे ओरखडे. छापलेलं चित्र आपोआप स्पष्ट होत नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पलंगाखाली बघायची माझी हिंमत होईना.

आज चहा घेऊन गेलो तर आई चित्राला नाक लावून उभी.

"आई, लांबून बघ ना."

"लांबून काय दिसतंय?"

आवाज शांत होता. तेच मला सहन होईना.

"काढून टाकतो ते."

"हात लावू नकोस."

तिने ड्रॉवरमधून नेलकटर घेतलं, स्टूल ओढलं आणि चित्रापाशी बसली.

"नखं बघ किती वाढलीत त्याची."

मी तोंड फिरवलं.

नख तुटल्याचा बारीक आवाज आला.