तोंडात घातलेलं पिवळं

“माझ्या बायकोनं माझ्या बापाला विष घातलं म्हणे!” एर्मेक दारातूनच ओरडला. “कालिमाताई, संध्याकाळी तिला तुरुंगात नेणार आहेत.”

कालिमा ओस्मोनोवानं वीस वर्षं हृदयरोगाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली होती. आता ती लोकांची कोडी सोडवायची. तिचा साथीदार तालांत गाडी झकास हाकायचा, डोकं मात्र जरा सावकाश.

डोंगरातल्या नारीन गावच्या इस्पितळात एर्मेकचा बाप सापार तापानं बरळत होता. पायांवर जांभळे ठिपके, लघवीतून रक्त. कालिमानं तालांतचा चष्मा काढून त्याची काच ठिपक्यांवर दाबली. ते फिके झाले नाहीत.

“विषच!” तालांत म्हणाला.

“चष्मा घाल आणि गप्प बस.”

राजधानीतून आलेल्या तरुण डॉक्टरनं सून बेगिमायचा जबाब वाचून दाखवला. ‘त्यांच्या तोंडात पिवळं घातलं, मग ताप आला.’ शिवाय गोठ्यात पिवळं गंधक सापडलं होतं.

“ते तर मेंढ्यांच्या खरजेवरचं औषध,” एर्मेक पुटपुटला. कोण ऐकतो!

घरी सासू उलकाननं सोनेरी कडेच्या पेल्यांत चहा ओतला. “म्हातारा लहानपणी सांधे सुजून वर्षभर निजून होता. फौजेनंही घेतला नाही. त्यानंतर शिंकलासुद्धा नाही हो! महिन्यापूर्वी नव्या दातानं हाडं फोडत होता. त्या बयेचं तोंड पाहणार नाही मी.”

“भिंतीवर फोटो कुणाचा?”

“धाकटे दीर, अल्तिनबेक. नावात सोनं, मनातही सोनं.”

चौकीत बेगिमाय रडून रडून सुजली होती. कालिमानं एकच विचारलं, “सासऱ्यांना चहा कशातून द्यायचीस?”

“आमच्या पिवळ्या कडेच्या पेल्यातून.”

कालिमानं तिची पाठ थोपटली आणि सगळ्यांना इस्पितळात बोलावलं.

“डॉक्टर, म्हाताऱ्याचा ओठ उचला.”

आत सोन्याचा नवाकोरा दात चमकला.

“पेल्याची कड सोनेरी, पण सून म्हणते पिवळी. कारण सून सासरच्या थोरल्यांचं नाव घेत नाही. त्या नावातला शब्दसुद्धा उच्चारत नाही. चुलतसासरा अल्तिनबेक, म्हणून ‘अल्तिन’, म्हणजे सोनं, हा शब्दच बंद! तिनं विष सांगितलं नाही, सोन्याचा दात सांगितला. घातला कुणी, हे तुम्ही विचारलंच नाही.”

“पण ताप? ठिपके?” तालांतनं विचारलं.

“सांधे सुजले तेव्हाच हृदयाची झडप दुखावली असणार. दात बसवताना हिरडीतले जंतू रक्तात गेले आणि त्या झडपेवर ठाण मांडून बसले. शरीर त्यांच्याशी लढायला गेलं, त्यात बारीक रक्तवाहिन्याच सुजल्या. रक्त कातडीखाली झिरपलं, म्हणून काच दाबूनही ठिपके हटले नाहीत. मूत्रपिंडातही तेच. डॉक्टर, छातीला नळी लावून ठोके ऐका.”

डॉक्टरनं लावली. बराच वेळ ऐकलं. मग मान खाली घालून म्हणाला, “झडपेतून फुसफुस येतेय. रक्त तपासायला घेतो आणि लगेच जंतूंवरचं औषध सुरू करतो.”

रक्तात जंतू निघाले. बेगिमाय त्याच दिवशी सुटली. दीड महिना सुया टोचून घेतल्यावर सापार शिव्या देत घरी आला. घरादाराला इतका आनंद झाला की त्या शिव्याही गोड लागल्या.

उलकाननं सुनेला जवळ ओढलं. “पोरी, तुला काय काय बोलले गं मी! चुकलं माझं. आजपासून तुला मुभा. म्हण, ‘सोनं’.”

बेगिमाय लाजली. तिनं फोटोकडे पाहिलं आणि सासूच्या कुशीत तोंड लपवून म्हणाली, “पिवळं.”